साक्षीची गोधडी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यातल्या दांडेकर पूल, जनवाडी आणि येरवडा या भागांतल्या बायकांसोबत आम्ही काही जणी गेली काही वर्षे गोधड्या शिवत आहोत. गोधडीच्या प्रत्येक चौकोनात शिवणारीच्या आयुष्यात घडलेली आणि बहुतेक वेळा कुणी उघडपणे मान्य न केलेली एखादी गोष्ट असते. प्रदर्शनात, फोनवर आणि पत्रांतून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. एखाद्या उत्तराचा भाग दुसरीकडे आला असेल, तर त्या प्रश्नाचा क्रमांक कंसात दिला आहे.

१. साक्षीची गोधडी म्हणजे नेमके काय?

जुनी लुगडी, साड्या, परकर आणि शर्ट यांचे थर एकावर एक लावून धावदोऱ्याने शिवलेली ही आपल्या घरातली नेहमीचीच गोधडी असते. तिच्यावर प्रत्येक बाई दीड-दोन वितींच्या एका चौकोनात आपल्यावर झालेला किंवा आपल्या डोळ्यांदेखत झालेला एक अन्याय कापडाच्या तुकड्यांनी चितारते. शिवता शिवता ती तो बरोबरच्या बायकांना सांगते आणि चौकोन पुरा झाल्यावर, तिची इच्छा असेल तरच, तो बाहेरच्या माणसांसमोर सांगितला जातो. सांगणे, ऐकून घेणे आणि 'हो, हे झाले' असे मान्य करणे या तिन्ही गोष्टी घडतात, तेव्हाच आम्ही तिला साक्षीची गोधडी म्हणतो. नुसती भिंतीवर टांगलेली गोधडी कितीही देखणी असली, तरी तिचे काम अर्धेच झालेले असते.

२. अन्याय सांगायला तक्रार-अर्ज आहे, लेख आहे, भाषण आहे. मग कापड कशाला?

गोधडी अर्जाची जागा घेत नाही, हे आधीच सांगितलेले बरे (प्रश्न ९). पण अर्जात न बसणारे पुष्कळ असते. घर भाड्याने देण्याचे ठरत आलेले असताना आडनाव ऐकून 'कळवतो' म्हणणे, वीस वर्षे ज्या घरी धुणीभांडी केली तिथे खुर्चीवर बस असे एकदाही न म्हणणे, पहिली मुलगी झाली म्हणून सासरचे कुणीच बारशाला न येणे, या गोष्टींना धड तारीख नसते, साक्षीदार बोलत नाहीत, आणि अर्ज लिहून देणारा माणूस त्यांना 'किरकोळ' म्हणून सोडून देतो. शिवाय ज्यांना लिहिण्याची सवय नाही, त्यांचे म्हणणे नेहमी दुसऱ्याच्या हाताने आणि दुसऱ्याच्या शब्दांत कागदावर येते. गोधडी मात्र त्यांच्या स्वतःच्या हातची असते.

आणखी एक कारण आम्हाला बसून बसून कळले. हात कामात गुंतलेले आणि नजर सुईवर असली, की समोरच्याच्या डोळ्यांत न बघता बोलता येते आणि मध्येच थांबावेसे वाटले, तर दोरा ओवण्याचे निमित्त असते. जात्यावर बसले की ओवी सुचते, असे आपण म्हणतो, त्यामागे हेच आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ या पुण्यातल्या अभ्यासकांनी गावोगावच्या बायकांकडून लाखाहून अधिक ओव्या जमा केल्या. त्यांत भावाची माया आणि विठ्ठलाची ओढ आहे, तसा सासुरवासही आहे आणि बाईच्या जन्माबद्दलची तक्रारही आहे. घरात कुणाला सांगता येत नव्हते, ते त्या बायका पहाटे जात्याला सांगत होत्या. आता जाते गेले, पण सांगण्याची गरज गेलेली नाही.

३. ही परदेशातून आलेली कल्पना आहे का?

नाही, आणि पुण्यात तर मुळीच नाही. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मातंग समाजातल्या मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ मध्ये 'ज्ञानोदय' नियतकालिकात छापून आला. पेशवाईच्या काळात आपल्या लोकांवर काय काय झाले, हे तिने त्यात सरळ लिहिले होते. २४ सप्टेंबर १८७३ रोजी याच शहरात सत्यशोधक समाज स्थापन झाला आणि पुढे त्याच्या कार्यकर्त्यांनी तमाशाचा लोकांना माहीत असलेला घाट घेऊन सत्यशोधक जलसे उभे केले. नंतर आंबेडकरी जलशांनी तीच वाट आणखी पुढे नेली. गावकऱ्यांनी गावकऱ्यांसमोर, ओळखीच्या चालीवर, गावातलेच सत्य मांडायचे, ही जलशाची रीत होती, आणि आम्ही स्वतःला त्या रीतीचे देणेकरी मानतो.

४. जगात इतर ठिकाणी याचा काही उपयोग झाला का?

चिलीमध्ये ११ सप्टेंबर १९७३ रोजी लष्कराने सत्ता घेतल्यानंतर हजारो माणसांना पकडून नेले, आणि त्यांतले कित्येक परत आले नाहीत. त्यांच्या आया, बायका आणि बहिणी एकत्र बसून तागाच्या गोणपाटावर कापडाचे तुकडे जोडून चित्रे शिवू लागल्या. या चित्रांना तिथे 'आर्पियेरा' म्हणतात आणि त्या शब्दाचा मूळ अर्थच गोणपाट असा आहे. काही बायकांनी त्यांत नाहीशा झालेल्या माणसाच्या शर्टाचेच तुकडे वापरले. कॅथलिक चर्चने १९७६ मध्ये सुरू केलेल्या मदत-कार्यालयाने ही चित्रे देशाबाहेर पोहोचवली. वर्तमानपत्रांची तोंडे बंद असताना तिथे काय चालले आहे, हे बाहेरच्या लोकांनी त्या चिंध्यांतून वाचले.

कोलंबियात मांपुहान या गावातल्या लोकांना मार्च २००० मध्ये सशस्त्र टोळ्यांनी हुसकावून लावले. त्या गावच्या बायकांनी आपले विस्थापन गोधड्यांवर शिवले. ते शिवून झाल्यावर त्या इतिहासात मागे गेल्या आणि आपल्या पूर्वजांना गुलाम म्हणून जहाजातून आणल्याची कथाही त्यांनी शिवली. २०१५ मध्ये त्यांना त्या देशाचा राष्ट्रीय शांतता पुरस्कार मिळाला.

कॅनडात मूळनिवासींच्या मुलांना घरातून उचलून ज्या निवासी शाळांत डांबले गेले, त्यांबद्दल २००८ ते २०१५ या काळात सत्य आणि समेट आयोगाने काम केले. त्याने शेवटी जे ९४ मुद्दे मांडले, त्यांतला ८३ वा मुद्दा मूळनिवासी आणि इतर कलावंतांनी मिळून समेटाची कामे करावीत व त्यासाठी सरकारी कलासंस्थेने पैसे द्यावेत, असा आहे. भारतात असा आयोग कधी झालेला नाही. त्यामुळे आपल्याकडे जे होते ते वस्तीच्या पातळीवर, लोकांनीच केलेले असते, आणि त्याच्या मर्यादाही तिथूनच येतात.

अर्थात, सांगून झाले म्हणजे न्याय मिळाला, असे कुठेच नाही. वर्णभेदी राजवटीतल्या अत्याचारांबद्दल नेमलेल्या दक्षिण आफ्रिकेच्या सत्य आणि समेट आयोगासमोर १९९६ पासून सुनावण्या झाल्या आणि सुमारे २१,००० लोकांनी जबान्या दिल्या. पीडितांना भरपाई म्हणून सरकारने २००३ मध्ये जाहीर केले ते प्रत्येकी ३०,००० रँड, एकदाच, आणि ते आयोगाने सुचवलेल्या रकमेपेक्षा बरेच कमी होते. ज्यांनी आपल्या मुलाच्या मरणाची कथा साऱ्या देशासमोर सांगितली, त्यांना किती काळ वाट पाहावी लागली, हे आम्ही प्रत्येक नव्या गटाला पहिल्याच दिवशी सांगतो.

५. समेट म्हणजे शेवटी 'मिटवून टाका' हेच ना?

हा प्रश्न वस्तीत सर्वांत आधी येतो, आणि तो यायलाच हवा. आपल्याकडे 'मिटवून टाका' हे वाक्य नेहमी दुबळ्या बाजूला ऐकवले जाते. चौकीत, सोसायटीच्या कार्यालयात, भावकीच्या बैठकीत आवाज खाली आणून कुणीतरी वडीलधारा म्हणतो, 'जाऊ द्या आता, वाढवू नका.' २००७ मध्ये राज्यात तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. बांधाचा, वाटेचा, पाटाच्या पाण्याचा तंटा त्यातून मिटत असेल तर ते चांगलेच आहे, कारण तिथे दोन्ही बाजू थोड्याफार बरोबरीच्या असतात. पण विहिरीवरून हाकलून दिलेल्या माणसाचा आणि हाकलणाऱ्याचा 'तंटा' नसतो. तिथे एकाने केलेले असते आणि दुसऱ्याने सोसलेले असते.

म्हणून आमच्या बैठकीत आम्ही शब्द वेगळे ठेवतो. तडजोडीत दोघांनी थोडे थोडे सोडायचे असते. मिटवण्यात एकाने गप्प बसायचे असते. समेटात मात्र ज्याच्याकडून झाले त्याने आधी ते तपशिलासह मान्य करायचे, जे परत करता येते ते परत करायचे, आणि त्यानंतर पुढे एकत्र राहायचे की नाही व कसे, हे ज्याने सोसले त्याने ठरवायचे. हा क्रम उलटला, म्हणजे आधी हात मिळवा आणि मग बोलू असे झाले, की समेटाचे मिटवणे होते. आमच्यापुरते सांगायचे तर, जिथे दुसरी बाजू काहीच मान्य करायला तयार नसते, तिथे आम्ही 'समेट' हा शब्दच वापरत नाही. तिथे फक्त साक्ष असते, आणि तीही पुरेशी मोलाची आहे.

६. मग सांगणाऱ्या बाईने क्षमा करायची असते का?

नाही. क्षमा केली तर ती तिची, नाही केली तरी तिचा चौकोन तितकाच पुरा. बैठकीत 'आता मन मोठे करा' असे कुणी म्हणाले, तर त्यांना आम्ही तिथल्या तिथे थांबवतो.

७. मी तथाकथित वरच्या जातीतली आहे. मला मनापासून सहभागी व्हायचे आहे. मी काय करू?

आमच्याकडे घडलेली एक गोष्ट सांगणे हेच याचे उत्तम उत्तर आहे.

दांडेकर पुलाजवळच्या एका मावशींनी शिवलेल्या चौकोनात एक खिडकी आहे. चौकट निळ्या परकराच्या कापडाची, गज काळ्या दोऱ्याचे, आणि खिडकीच्या कट्ट्यावर पांढऱ्या सुती तुकड्याचा, कान तुटलेला एक कप. कप पालथा आहे. तो पालथा का, असे कुणीतरी विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "प्यायले की मीच धुऊन पालथा घालायचे. त्यांच्या कपांत तो कधी मिसळला नाही." एवढे बोलून त्या पुन्हा टाके घालू लागल्या.

प्रदर्शनात कोथरूडहून आलेल्या एक ताई त्या चौकोनासमोर बराच वेळ उभ्या होत्या. आपल्याही खिडकीत असा कप आहे, आईच्या वेळेपासून आहे, आणि आपण तो कधी पाहिलाच नव्हता, असे त्या म्हणाल्या. पुढच्या बैठकीला त्या पैठणीचा एक जुना, सुंदर काठ घेऊन आल्या आणि तो त्या गोधडीला लावावा, अशी त्यांनी विनंती केली. मावशींनी काठ हातात घेतला, उलटसुलट पाहिला आणि परत दिला. "ताई, हे तुमच्या गोधडीला लावा. माझीला काठ आहे."

त्या ताईंची तोवर गोधडीच नव्हती. मग त्यांनी ओळखीच्या सहाजणींना गोळा केले आणि दुसरी गोधडी सुरू झाली. पहिल्या खेपेला त्या साऱ्याजणींनी जोडलेले हात, फुले, पणत्या आणि डोळ्यांतली आसवे शिवली. वस्तीतल्या बायका ती बघायला आल्या तेव्हा एकीने साधेपणाने विचारले, "हात जोडलेले दिसतात, पण कप कुठंय?" त्या प्रश्नातून आमचा एक नियम तयार झाला, जो आम्ही आजतागायत पाळतो: ज्यांच्याकडून किंवा ज्यांच्या घरून झाले आहे, त्यांनी आपल्याला काय वाटते ते शिवू नये, आपण काय केले, किंवा काय होताना पाहून गप्प बसलो, ते शिवावे. त्या सातजणींनी चौकोन उसवले आणि पुन्हा शिवले. आता त्यात सोसायटीच्या लिफ्टवर लावलेली पाटी आहे, माजघरातून न्हाणीघराकडे जाणारी वेगळी वाट आहे, आणि लग्न मोडल्याचे कळवणारा फोन आहे. दोन्ही गोधड्या आम्ही आता समोरासमोर टांगतो.

तेव्हा आपण जरूर यावे. पहिल्या तीन बैठकांत फक्त ऐकावे, सुया ओवून द्याव्यात, चहा करावा आणि तो एकाच प्रकारच्या कपांतून द्यावा.

८. गोधडीवर शिवलेले खरे कशावरून? उद्या कुणी काहीही शिवेल.

दक्षिण आफ्रिकेच्या आयोगाने आपल्या अहवालात सत्याचे चार प्रकार मानले होते: पुराव्याने सिद्ध होणारे, माणसाने स्वतः अनुभवून सांगितलेले, चर्चेतून समाजाच्या हाती लागणारे, आणि जखम भरून यायला मदत करणारे. आमची गोधडी मुख्यतः दुसऱ्या प्रकारात बसते आणि तिसऱ्याकडे जाण्याचा प्रयत्न करते. ती न्यायालयातला पुरावा आहे असा आमचा दावा नाही. त्यामुळे 'मी हे असे भोगले' या विधानाची आम्ही उलटतपासणी करत नाही. मात्र चौकोनात किंवा त्याखालच्या चिठ्ठीत साल, जागा, सरकारी आदेश, मृतांचा आकडा यांसारखी तपासता येण्याजोगी गोष्ट असेल, तर ती आम्ही तपासतो आणि जुळत नसेल तर बाईंशी बोलून चिठ्ठी बदलतो. दोघींच्या आठवणी एकमेकींशी जुळल्या नाहीत, तर दोन्ही चौकोन शेजारी शेजारी लावतो.

९. नावे घेता येतात का? कायद्याची अडचण येते का?

अन्याय करणाऱ्याचे नाव, दुकानाची पाटी, गाडीचा क्रमांक असे काहीही आम्ही सार्वजनिक गोधडीवर शिवू देत नाही. भारतीय न्याय संहितेच्या ३५६ व्या कलमात बदनामी हा गुन्हा आहे, आणि गोष्ट खरी आहे एवढ्याने सुटका होत नाही. ती लोकहितासाठी सांगितली, हेही दाखवावे लागते. वस्तीतल्या बाईला कोर्टाच्या खेपा घालायला लावणे सोपे असते, म्हणून ही काळजी घ्यावी लागते. याने सत्य पातळ होते, असे काहीजणी म्हणतात आणि त्यांचे म्हणणे मला पटते. पण खेपा त्यांना घालाव्या लागतात, मला नाही.

लैंगिक अत्याचार सोसलेल्या व्यक्तीची ओळख उघड करणे हा त्याच संहितेच्या ७२ व्या कलमाखाली गुन्हा आहे. ओळख फक्त नावाने होते असे नाही. मुलीच्या फ्रॉकचे कापड, घराचा रंग, गल्लीतले पिंपळाचे झाड यांवरूनही ती होते. अशा वेळी आम्ही चिन्हे बदलतो.

चौकोन शिवल्याने तक्रारीचा हक्क संपत नाही. अनुसूचित जाती आणि जमाती (अत्याचार प्रतिबंध) अधिनियम, १९८९ किंवा कौटुंबिक हिंसाचाराचा २००५ चा कायदा लागू होतो असे दिसले, तर आम्ही बाईंना आधी वकिलांकडे घेऊन जातो. प्रकरण कोर्टात चालू असेल, तर वकिलांना विचारल्याशिवाय तो चौकोन बाहेर दाखवत नाही.

१०. मुलांना बसवता येईल का?

शाळेतला अपमान, वस्तीतले पाणी, घर पाडले जाणे अशा विषयांवर मुले फार नेमके शिवतात. पालकांची आणि मुलाची स्वतःची, अशा दोन्ही परवानग्या लागतात. पण पोक्सो कायद्याच्या १९ व्या कलमाप्रमाणे मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे ज्याला कळते, त्याने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. बैठकीत कानावर आले तरी हे लागू होते. म्हणून 'इथले बोलणे इथेच राहील' असे वचन मुलांना कधीही देऊ नये. ते पाळता येत नाही आणि मोडले तर मूल पुन्हा फसवले जाते.

११. सांगता सांगता एखादीला सावरता आले नाही तर?

गोधडी हा मानसोपचार नाही. प्रत्येक बैठकीला शिवणकाम न करणारी एक प्रशिक्षित समुपदेशक असते, शेजारी एक मोकळी खोली असते आणि अर्ध्यातून उठून जाण्याला कारण द्यावे लागत नाही. सरकारची 'टेली-मानस' ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे आणि तिथे मराठीत बोलता येते. बैठकीच्या दुसऱ्या दिवशी प्रत्येकीला फोन करणे हे आमचे सर्वांत महत्त्वाचे काम आहे, कारण रात्र बहुतेक त्या दिवशीच जड जाते.

१२. गोधडीची मालकी कुणाची? ती विकता येते का?

प्रताधिकार अधिनियम, १९५७ प्रमाणे कलाकृतीचा पहिला मालक ती करणारा असतो, आणि कलेत परस्पर फेरफार होऊ न देण्याचा त्याचा हक्क विक्रीनंतरही उरतो. आमच्या गोधडीत प्रत्येक चौकोन वेगळ्या बाईचा असतो. म्हणून चौकोन तिचा, आणि जोडलेली गोधडी सर्वजणींची. फोटो छापण्याची परवानगी प्रत्येकीकडून वेगळी घेतो आणि ती तिच्या भाषेत वाचून दाखवून घेतो.

कॅनडातल्या निवासी शाळा, चर्च आणि सरकारी इमारतींतून जमवलेल्या ८०० हून अधिक वस्तूंचे एक मोठे शिल्प आहे; पांघरुणावरून त्याला 'विटनेस ब्लँकेट' म्हणजे साक्षीचे पांघरूण म्हणतात. ते करणारे कॅरी न्यूमन आणि तिथले मानवी हक्क संग्रहालय यांनी २०१९ मध्ये करार केला, त्यात मालकी कुणा एकाकडे न देता दोघांनी मिळून त्या शिल्पाची देखभाल करायची असे ठरले. वस्तूंमागच्या माणसांचे सत्य विकत घेता येत नाही, हा त्यामागचा विचार आम्हाला फार मोलाचा वाटतो.

तरीही विक्रीला आमचा सरसकट विरोध नाही. चिलीतल्या बायकांची चित्रे विकली गेली म्हणून त्यांच्या घरी चूल पेटली. आम्ही साक्षीची गोधडी विकत नाही; त्याच बायकांनी शिवलेल्या इतर गोधड्या मात्र विकतो. साक्षीच्या कामाला बसणाऱ्या बाईचा रोज बुडतो, म्हणून तिला त्या दिवसाची मजुरी देतो. देणगीतून पहिला खर्च याचाच असतो.

१३. आमच्या मंडळाला गणपतीत या विषयावर देखावा करायचा आहे. चालेल का?

पुण्याच्या जिवंत देखाव्यांनी कितीतरी सामाजिक विषय घराघरांत नेले आहेत, आणि मंडळाचे कार्यकर्ते रात्ररात्र जागून जे उभे करतात ती खऱ्या अर्थाने सामूहिक कला आहे. तरी प्रत्यक्ष साक्ष देखाव्यात नेऊ नये, असे आमचे मत आहे. गर्दी दोन मिनिटांत पुढे ढकलली जाते, शेजारच्या मंडळाचा स्पीकर चालू असतो, आणि वर्गणी देणाऱ्यांपैकीच कुणाची गोष्ट त्यात असेल तर ती हळूच गाळली जाते. उत्सव आटोपल्यावर मंडळाच्या सभागृहात तीस-चाळीस खुर्च्या मांडून बैठक ठेवावी, तिथे आम्ही आनंदाने येऊ.

भिंतीवर चित्र काढायचे असल्यास भिंतीच्या मालकाची आणि महापालिकेची लेखी परवानगी घ्यावी. मालमत्तेचे विद्रूपीकरण रोखणारा १९९५ चा राज्याचा कायदा चांगल्या हेतूच्या चित्रालाही लागू होतो.

१४. आमच्या संस्थेत प्रदर्शन भरवता येईल का?

येईल, पण लेखी अटींवर. एका ठिकाणी आम्ही विश्वासाने गोधड्या पाठवल्या. उद्घाटनाच्या दिवशी पाहतो, तर चौकोनांखालच्या चिठ्ठ्या काढून टाकलेल्या होत्या आणि वर एकच मोठा फलक होता: 'महिला सक्षमीकरण : आठवणींचे धागे'. पालथ्या कपाखाली 'चहाची वेळ' असे लिहिले होते. ज्या मावशींनी तो शिवला होता, त्या नातवाला घेऊन, इस्त्रीची साडी नेसून आल्या होत्या. नातवाने ते मोठ्याने वाचले. त्या काहीच बोलल्या नाहीत. आम्ही त्याच दिवशी गोधड्या उतरवून आणल्या. चिठ्ठीतला एकही शब्द न बदलणे ही तेव्हापासून पहिली अट आहे. शिवणाऱ्या बायकांना येण्याजाण्याचा खर्च आणि पाहुण्यांच्या रांगेत खुर्ची ही दुसरी.

१५. अन्याय एखाद्या माणसाने केलेला नसेल, धरणाने किंवा सरकारने केलेला असेल, तर समेट कुणाशी?

पानशेतच्या धरणाचे काम अपुरे असतानाच त्यात पाणी साठले. जवानांनी वाळूची पोती रचून ते थोपवून धरण्याची शर्थ केली, पण १२ जुलै १९६१ च्या सकाळी धरण फुटले, त्या लोंढ्याने खालचे खडकवासल्याचे धरणही फुटले, आणि नदीकाठचे पुणे पाण्याखाली गेले. एका आजींनी त्या दिवसाचा चौकोन शिवला. तपकिरी कापड दाराच्या चौकटीच्या वरपर्यंत, आणि त्यावर एकच आडवा पांढरा टाका. पाणी ओसरल्यावर भिंतीवर राहिलेली ती रेघ. पुढची कित्येक वर्षे निसन हटमध्ये, म्हणजे अर्धगोल छपराच्या तात्पुरत्या घरात गेली. त्यांना कुणाची माफी नको होती. पूरग्रस्त वसाहतीतल्या घराच्या कागदावर आपल्या आईचे नाव कधीच लागले नाही, हे त्यांना सांगायचे होते.

मुळशीच्या धरणाखाली जमिनी गेलेल्या मावळातल्या कुटुंबांकडूनही आम्ही असेच ऐकतो. १९२१ मध्ये सुरू झालेल्या तिथल्या सत्याग्रहातले सेनापती बापटांचे नाव सर्वांना ठाऊक आहे, पण बुडालेल्या वाड्यांची नावे सांगणारे आता थोडेच उरले आहेत. अशा ठिकाणी समेटाचा अर्थ बहुधा नोंद असा होतो: नाव सातबाऱ्यावर, यादीत, फलकावर येणे. म्हणून चौकोनाबरोबर आम्ही माहितीच्या अधिकारातला अर्जही लिहायला बसतो.

१६. एखादीने नंतर आपला चौकोन परत मागितला तर?

परत देतो. कारण विचारत नाही आणि दोन दिवस थांबा असेही म्हणत नाही. घरात त्रास होऊ लागला, सून आली, मुलाचे लग्न ठरले, किंवा आता ते लोकांना दाखवावेसे वाटत नाही, असे काहीही असू शकते. तिच्याच हाताने टाके उसवायचे, म्हणजे कापड फाटत नाही. फोटो असतील तर ते आमच्याकडून काढून टाकतो आणि ज्यांना दिले त्यांनाही कळवतो. छापून गेलेले मात्र परत आणता येत नाही, हे तिला शिवण्याआधीच सांगितलेले असते.

त्या जागी नवा चौकोन बसवत नाही. नुसते अस्तर लावून कडेने धावदोरा घालतो. आमच्या सर्वांत जुन्या गोधडीत अशा तीन रिकाम्या जागा होत्या. एका बाईने चार वर्षांनी येऊन आपल्या जागेवर पुन्हा शिवले, आणि ते चित्र पहिल्यापेक्षा अगदी वेगळे होते. उरलेल्या दोन जागा तशाच आहेत.